पांढऱ्या कार्डावरचं मूल

पुण्याच्या नारायण पेठेतल्या पुष्कळ घरांत रेशनकार्ड पांढरं असतं. केसरीवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत, केळकर रस्त्यावर, मोदी गणपतीच्या आसपास वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत हे कार्ड कपाटातल्या फायलीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं असतं. गॅसच्या जोडणीला, पासपोर्टला, कधी शाळाप्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून ते पूर्वी बाहेर निघायचं आणि काम झालं की परत फायलीत जायचं. रेशनच्या दुकानाशी त्याचा संबंध उरलेला नसतो. त्यामुळे घरात मूल जन्माला आलं तरी कार्डावर नाव चढवायची घाई कुणाला नसते. आधार काढलं जातं, जन्मदाखला काढला जातो, लसीकरणाचं कार्ड सांभाळलं जातं. रेशनकार्डाचं मात्र ‘आपल्याला कुठे धान्य घ्यायचंय’ असं म्हणून राहून जातं. पहिलीतलं, चौथीतलं मूल घरात असूनही कार्डावर नसतं.

१ जुलै २०२४ पासून याच कार्डाचं मोल बदललं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रंग न बघता महाराष्ट्रातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांच्यासाठी अधिवास प्रमाणपत्राची सोय आहे. म्हणजे पेठेतल्या शिंप्याचं, ग्रंथविक्रेत्याच्या दुकानातल्या नोकराचं, शिकवणी घेणाऱ्या बाईंचं मूल आज सरकारी आरोग्य विम्याखाली आलेलं आहे. बहुतेकांना हे ठाऊक नाही. ते मूल तिथवर कसं आलं, कुणी आणलं आणि वाटेत कुठे कुठे अडलं, ही हकिगत समजून घेण्यासारखी आहे. पुढारी लोकांच्या आरोग्यासाठी नेमकं काय करू शकतो, ते तिच्यातून उघड दिसतं.

सुरुवात कामगारांपासून झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. आडारकरांनी पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. तो प्रत्यक्षात आला १९५२ मध्ये, आधी कानपूर आणि दिल्लीत. पहिल्या टप्प्यात औषधोपचार मिळत ते फक्त कामगाराला. बायकोमुलांचा समावेश त्यानंतर झाला. शिवाय कायदा लागू होता तो विजेवर चालणाऱ्या आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्यांना. नारायण आणि शनिवार पेठेतल्या लहान छापखान्यांत चारपाच खिळे जुळवणारे आणि एकदोन यंत्रवाले असत. त्यांची मुलं या कायद्याच्या बाहेरच राहिली. मूल विम्यात येणार ते बापाच्या नोकरीच्या आधारानं, आणि नोकरी लहान असेल तर येणारच नाही, अशी ती घडी होती.

यानंतरचं महत्त्वाचं पाऊल १९९७ मध्ये पडलं. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. त्या वर्षी सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी गरीब रुग्णांना मदत मिळू लागली. हा विमा नव्हता, अर्ज करून मिळणारं अर्थसाहाय्य होतं. कागद जमवायचे, खर्चाचं अंदाजपत्रक घ्यायचं, मंजुरीची वाट बघायची. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला अशी वाट बघणं परवडेल. तान्ह्या मुलाच्या हृदयाला परवडत नाही.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मुलांच्या विम्याचा सगळा प्रश्न इथे एकवटतो. जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातला नेहमी आढळणारा दोष म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेलं छिद्र. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठं असेल तर शुद्ध रक्ताचा काही भाग शरीराकडे जाण्याऐवजी परत फुफ्फुसांकडे वळतो. बाळ दूध ओढता ओढता दमतं, थांबतं, त्याच्या कपाळावर घाम येतो. वजन वाढत नाही. छातीत वारंवार कफ होतो, आणि घरचे समजतात की बाळाची प्रकृतीच नाजूक आहे. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर हा वाढीव दाब महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहिला की त्या जाड आणि कडक होतात. एका मर्यादेपलीकडे हा बदल कायमचा होतो आणि मग छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. जी शस्त्रक्रिया लहानपणी झाली असती तर मूल पुढे शाळेच्या मैदानावर धावलं असतं, ती करताच येत नाही. म्हणून मुलाच्या बाबतीत पैसे किती मिळतात याच्याइतकंच ते कधी मिळतात, हेही महत्त्वाचं.

आंध्र प्रदेशात हे एका पुढाऱ्यानं ओळखलं. वाय. एस. राजशेखर रेड्डी स्वतः डॉक्टर होते. २००४ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा खर्च सरकारनं उचलायला सुरुवात केली. मुलांच्या हृदयासाठी जे जमलं ते इतर गंभीर आजारांसाठी का जमू नये, या विचारातून १ एप्रिल २००७ रोजी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत आरोग्यश्री योजना सुरू झाली. रुग्णानं आधी पैसे भरायचे आणि मग परत मागायचे, ही रीत तिनं मोडली. आजारांची यादी ठरली, प्रत्येक उपचाराचा दर ठरला, मंजुरी संगणकावरून मिळू लागली आणि रुग्णालयात मदतीला ‘आरोग्यमित्र’ बसू लागला.

महाराष्ट्रानं हाच नमुना घेतला. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री आणि सुरेश शेट्टी आरोग्यमंत्री असताना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. पुणे त्या यादीत नव्हतं. उरलेला महाराष्ट्र २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजनेत आला, म्हणजे पुण्यातल्या मुलांना सोळा महिन्यांहून अधिक थांबावं लागलं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचं संरक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, ९७१ उपचार आणि १२१ पाठपुरावा सेवा. सुरुवातीला विमा कंपनीला सरकार कुटुंबामागे वर्षाचे ३३३ रुपये आणि वर कर एवढा हप्ता देत होतं. कुटुंबाकडून एक पैसाही घेतला जात नव्हता.

यादीत बालशस्त्रक्रिया होती, नवजात अर्भकांचे उपचार होते, मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया होत्या. त्याहून मला मोलाची वाटते ती एक बाब फारशी बोलली जात नाही. केंद्र सरकारची २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना कुटुंबातल्या फक्त पाच जणांना संरक्षण देई. घरात नवरा, बायको, सासूसासरे आणि तीन मुलं असतील तर कुणाला वगळायचं, हे कुटुंबानं ठरवायचं. जी नावं मागे पडत त्यांत धाकटं मूल सहज जाऊ शके, आणि त्यातही मुलगी. राज्याच्या योजनेनं रेशनकार्ड हाच आधार धरला आणि कार्डावरचं सगळं कुटुंब विम्यात घेतलं. पुढे २०१८ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतही माणसांच्या संख्येची मर्यादा ठेवली नाही. असल्या नियमाची पाटी चौकात लागत नाही आणि त्याचं उद्घाटनही होत नाही. पण अशा नियमांनी जितकी मुलं विम्यात आली तितकी घोषणांनी आली नसतील.

रेशनकार्डाचा आधार धरल्यानं एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला. महाराष्ट्रात तिरंगी कार्डं १ मे १९९९ पासून आली. ज्यांचं वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत त्यांना पिवळं, त्यावर १ लाखापर्यंत केशरी आणि १ लाखाच्या वर पांढरं. त्या काळी लाखाचं उत्पन्न म्हणजे बरी मिळकत होती. २०१२ मध्ये लाखभर रुपये म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांच्या आतबाहेर. लक्ष्मी रस्त्यावर कापडाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा माणूसही तेवढं मिळवत असेल. त्यात खोलीचं भाडं, मुलाची फी आणि आईची औषधं. अशा माणसाचं मूल आजारी पडलं तर खासगी विमा घेण्याची त्याची ऐपत नव्हती आणि सरकारी विम्याला तो श्रीमंत ठरत होता. गरिबाला दार उघडं होतं, श्रीमंताला गरज नव्हती आणि मधला माणूस दागिने मोडत होता. १९९९ ची धान्यवाटपाची व्याख्या २०१२ मध्ये मुलाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय करत होती. धान्यासाठी आखलेली रेघ आरोग्यासाठी तशीच वापरणं ही चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत या मधल्या कुटुंबांच्या मुलांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, तोही आपल्या जीवनदायी योजनेच्याच वर्षी, १९९७ मध्ये. गरिबांसाठी तिथे मेडिकेड होतं, पण ज्यांची मिळकत मेडिकेडच्या मर्यादेहून थोडी जास्त आणि खासगी विमा परवडण्याइतकी नाही, त्यांची मुलं उघड्यावर होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर एडवर्ड केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे ओरिन हॅच हे एरवी एकमेकांचे विरोधक. मुलांच्या विम्यासाठी ते एकत्र आले आणि पैसा उभा केला सिगारेटवरचा कर वाढवून. २००७ मध्ये योजनेचा विस्तार करणारं विधेयक अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दोनदा नाकारलं. ४ फेब्रुवारी २००९ रोजी बराक ओबामांनी अध्यक्षपदाच्या पहिल्या काही दिवसांतच तशाच विधेयकावर सही केली, आणि तेव्हाही पैसा तंबाखूच्या करातूनच आला. मुलांच्या फुफ्फुसांना आणि हृदयाला जे घातक, त्याच्यावर कर लावून मुलांचा विमा चालवायचा, हा विचार आपल्याकडेही गांभीर्यानं व्हायला हवा. गुटखा आणि तंबाखूनं होणाऱ्या मुखकर्करोगाचा भार आपलीच रुग्णालयं वाहत आहेत.

महाराष्ट्रात पांढऱ्या कार्डाची भिंत एकदम पडली नाही. आधी मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना आत घेतलं गेलं. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना, २०१७ मध्ये, योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पुढे सरकारी आश्रमशाळांतले विद्यार्थी, सरकारी अनाथालयांतली मुलं, बांधकाम कामगारांची कुटुंबं यांनाही योजनेत स्थान मिळालं. अनाथ मुलाला कुठलं आलं कुटुंब आणि कुठलं कार्ड? त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते, आणि कुणीतरी ती लिहिली. इमारतीच्या कामावर विटांच्या ढिगाऱ्याशेजारी साडीच्या झोळीत निजवलेलं बाळ पुण्यात आपण सर्वांनी पाहिलं आहे. त्याच्या आईबापाचं कार्ड बहुधा गावाकडे, नाहीतर दुसऱ्याच राज्यात. त्या बाळासाठी हा बदल मोठा होता.

मग २०२० साल उजाडलं. १ एप्रिलपासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र राबवायला सुरुवात झाली आणि त्याच सुमारास करोना आला. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यातल्या सर्व रहिवाशांना योजनेखाली आणण्याची घोषणा केली आणि मे महिन्यात तसा शासननिर्णय निघाला. सगळ्याच पांढऱ्या कार्डांना पहिल्यांदा दार उघडलं ते महासाथीच्या धाकानं आणि मुदतीच्या बोलीवर. तीन वर्षांनी, २८ जून २०२३ रोजी, एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळानं, तानाजी सावंत आरोग्यमंत्री असताना, सर्व कुटुंबांना ५ लाखांचं संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. उपचारांची संख्या १३५६ झाली आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाखांवर गेली. अंमल सुरू व्हायला आणखी एक वर्ष लागलं.

काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप या सगळ्यांचा हात या एका योजनेला लागला आहे. कुणी ती सुरू केली, कुणी तिचं नाव बदललं, कुणी मर्यादा वाढवली, कुणी दार उघडलं. पण आधीच्यानं केलं म्हणून कुणी ती मोडून टाकली नाही, हे महाराष्ट्राच्या राजकारणाबद्दल आवर्जून सांगावं असं आहे. मुलांना मत नसतं. त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही. त्यामुळे त्यांच्या वाट्याला जे येतं ते कुणातरी पुढाऱ्यानं फाइलीत ‘कुटुंब’ या शब्दापुढे काय लिहिलं, उत्पन्नाची रेघ कुठे ओढली आणि आजारांच्या यादीत काय घातलं, यावर ठरतं. पुढाऱ्याचं काम मोजायचं तर तिथे मोजावं.

यादीत आजार असून भागत नाही, तो आधी सापडावा लागतो. कपाळावर घाम येणाऱ्या बाळाला कुणीतरी स्टेथोस्कोप लावावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम त्यासाठी आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, तिथे सोनिया गांधींच्या हस्ते. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जातं आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. जन्मजात व्यंग, पोषणातल्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब अशा चार अंगांनी मूल पाहिलं जातं. संशय आला की पुढे पाठवलं जातं आणि शस्त्रक्रियेचा खर्च बहुतेक वेळा विमा योजनेतून भागतो. या दोन योजना एकमेकींना जोडल्या गेल्या तेव्हाच मुलांचा विमा खऱ्या अर्थानं चालू झाला.

पेठेतलं मूल इथेही मधेच अडकतं. ते अंगणवाडीत जात नाही, घराजवळच्या खासगी बालवाडीत जातं. पुढे बऱ्याचदा विनाअनुदानित इंग्रजी शाळेत, जिथे हे पथक नेमानं जात नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यानं ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ मोहीम घेतली तेव्हा खासगी शाळा आणि नर्सरीही तीत धरल्या होत्या. तो योग्य विचार होता. मोहीम संपली की तपासणी संपते, म्हणून खासगी शाळांतली तपासणी कायमची करायला हवी.

विम्याची दुसरी मर्यादा अधिक मोठी आहे. ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. मूल वर्षात अनेकदा आजारी पडतं आणि बहुतेक वेळा त्याला दाखल करावं लागत नाही. ताप, जुलाब, कान फुटणं, दम्याचा पंप, रक्ताच्या तपासण्या हा सगळा खर्च खिशातूनच होतो. बालरोगतज्ज्ञाची फी, दोन औषधं आणि एक तपासणी म्हणजे कमी पगाराच्या माणसाचे दोनतीन दिवसांचे पैसे जातात. त्यावर उत्तर विमा नाही, जवळचा सरकारी दवाखाना आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पुणे शहरातले दवाखाने मात्र मुख्यतः महापालिकेचे आहेत. जिथे बालरोगतज्ज्ञ ठरल्या दिवशी बसतो आणि औषध खिडकीतच मिळतं असा दवाखाना चालवणं, हे महापालिकेवरचं मुलांचं पहिलं कर्ज आहे.

महापालिकेची स्वतःची शहरी गरीब योजनाही आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबाच्या रुग्णालयाच्या बिलाचा निम्मा भार महापालिका उचलते, वर्षाला १ लाखापर्यंत आणि काही गंभीर आजारांत त्याहून अधिक. पुणेकरांना ही योजना बहुधा नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयातून ठाऊक होते. ‘शहरी गरीबचं कार्ड काढून मिळेल’ अशी पाटी, आत टेबलावर अर्जांचा गठ्ठा आणि ‘उत्पन्नाचा दाखला आणलाय का?’ विचारणारा कार्यकर्ता. मार्च २०२२ नंतर महापालिकेत बराच काळ नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. पुढाऱ्याच्या ओळखीवर चालणारी मदत पुढारी हलला की अडखळते, नियमात बसलेला हक्क तसा अडखळत नाही. फुले योजनेत कुणाचंही पत्र लागत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे कार्ड आणि ओळखपत्र दाखवायचं, पुढची मंजुरी रुग्णालयानं घ्यायची. अगदी तातडी असेल तर मंजुरी फोनवरून घेऊन उपचार सुरू करता येतात.

त्या टेबलापाशी पहिला प्रश्न विचारला जातो तो कार्डावरच्या नावाचा. नाव नसलं तर आईबाप आजारी लेकराला खाटेवर ठेवून जन्मदाखल्याच्या आणि पुराव्यांच्या मागे पळतात. म्हणून नारायण पेठेतल्या आणि एकूणच पुण्यातल्या पांढऱ्या कार्डवाल्या पालकांना कळकळीची विनंती आहे. फाइल उघडा, कार्ड काढा. मुलाचं नाव त्यावर आहे का बघा. कार्डाला बारा अंकी ऑनलाइन क्रमांक मिळाला आहे का, तेही बघा. नसेल तर जन्मदाखला आणि आधार घेऊन शिधापत्रिकेच्या परिमंडळ कार्यालयात जा, नाव चढवून घ्या आणि मग सगळ्या कुटुंबाचं आयुष्मान कार्ड, म्हणजे या एकत्र योजनेचं ओळखपत्र, काढा. काही अडलं तर योजनेचा १५५३८८ हा क्रमांक आहे, १८०० २३३ २२०० हा दुसरा, आणि दोन्हींवर फोन करायला पैसे पडत नाहीत. मूल धडधाकट असतानाच हे करून ठेवा.